रूळबदल

मिरज जंक्शनात तीन मापांचे रूळ होते तेव्हा
एका मापावरची वाघीण दुसऱ्या मापावर चढत नसे.
पुण्याकडचा रूळ रुंद, हुबळीकडचा मीटरचा,
कुर्डुवाडीकडचा तर खेळण्यातला वाटावा इतका अरुंद.
मध्ये एक लांब शेड. शेडमध्ये माझे नाना,
अप्पालाल नदाफ, बिल्ला नंबर सदतीस.
या दारातून पोतं उचलायचं, चौदा पावलं,
त्या दारात ठेवायचं.
माल तोच. खालचं माप तेवढं बदललेलं.

आज हे आठवायचं कारण,
रात्रीचा दीड वाजलाय, किल्ला भागात लाईट दोनदा जाऊन आलीय,
आणि मी डिस्कचे वाटे पाडणारं एक जुनं अवजार
दुसऱ्याच ऑपरेटिंग सिस्टिमसाठी कंपाईल करतेय.
ती वापरणारे जगात असतील हजारभर.
त्यातला एक आमच्या सुभाषनगरातला इराप्पा कोष्टी,
त्याच्या छापखान्यातलं मशीन दुसरी भाषाच बोलत नाही.
जुनी डिस्क खडखडतेय, नवी आणलीय, कोरी.
वाटे पाडून दे म्हणाला, लग्नसराईच्या आत.

डिस्कला तिची लांबी ज्या शब्दाने विचारतात तिकडे,
तो शब्द इकडे कुणाच्या कानावरून गेलेला नाही.
म्हणून एकेक पोतं.
तिकडचं फंक्शन काढून इकडचं,
इकडे नसेल तिथे स्वतः शिवलेलं, दाभणाने, तोंडाशी सुतळी.
एकशे बारा एरर. जेवून आले तेव्हा साठ.
एक सेमीकोलन पुसला गेला, दोनशे.
स्टेशनाकडून मालगाडीचा भोंगा आला नि लांब गेला.
आता सगळीकडे एकच माप, ती कशाला थांबेल.

मग अचानक काहीच आलं नाही.
कर्सर नुसता.
तेवीस वॉर्निंगा होत्या, मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

कोऱ्या डिस्कवरसुद्धा ‘लिही’ म्हणताना बोट अडतं.
आधी एका फाइललाच डिस्क म्हटलं,
काड्यापेटीला इंजिन म्हणायचो तसं,
तिचे तीन वाटे केले, बेरीज केली.
एक सेक्टर कमी.
परत केली.
एक कमी.
पाचशे बारा बाइट. मावून मावणार काय त्यात,
एखाद्या पत्रिकेतलं ‘चि. सौ. कां.’ आणि पुढचं नाव.
पण हद्द तिथेच असते.

नाना सांगायचे,
एकदा शेंगदाण्याची पोती आली चारशे बारा,
चढली चारशे अकरा.
मुकादमाने तीनदा मोजली.
सगळ्यांची मजुरी अडवली, झडती घेतली,
नानांच्या डब्यातली भाकरीची चवड उलगडून बघितली.
भाकरीत पोतं मावतं होय,
असं कुणी म्हणालं नाही.
पहाटे मुकादम लघवीला उठला, तेव्हा दिसलं.
ज्यावर बसून मोजत होता, तेच.

हसायचे नाना हे सांगताना.
भाकरीपाशी आले की मात्र थोडं थांबून पुढे जायचे.

मी दुसऱ्याच्या कोडमध्ये शोधायचं सोडलं,
मीच शिवलेल्या फंक्शनापाशी आले.
तिकडे ‘सेक्टर किती’ विचारलं की संख्या येते.
इकडे येतो शेवटच्याचा नंबर,
आणि नंबर लागतात शून्यापासून.
शून्यावर मी बसले होते.
उठले. एक मिळवला.
जुळलं.

शेडच्या जागी आता दुचाकी लावतात.
बिल्ला माझ्या स्क्रूच्या डबीत असतो, अधूनमधून हाताला लागतो.
सकाळी इराप्पा येईल, ‘झालं का’ एवढंच विचारेल,
त्याला शून्याचं काही सांगणार नाही.
चहा टाकते.
तेवीस वॉर्निंगा आहेत अजून,
एकेकीची शिवण चाचपून बघायची,
कुठून सांडतंय का.